डोळ्यांआड, पण बोटांखाली

गेल्या आश्विनात मालेगावहून शिरपूरकडे येताना सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली एक ट्रॉली आमच्या गाडीने वीतभर अंतराने चुकवली. वेळ दिवेलागणीची होती. ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता, परावर्तकही नव्हता. परंतु सगळा दोष ट्रॉलीवर ढकलून मोकळे व्हावे, अशी आमची मनःस्थिती त्या दिवशी नव्हती आणि आजही नाही. चालवणाऱ्याचा डावा हात त्या क्षणी डॅशबोर्डच्या कप्प्यात होता आणि हातामागोमाग डोळेही तेथेच गेले होते. कारण इतकेच, की विलंबित ख्याल संपल्यावर त्याच रागातील द्रुत लागण्याऐवजी भलतेच एक भावगीत सुरू झाले होते आणि ते आम्हां दोघांनाही त्या घटकेला नको होते.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. राहतो शिरपूर जैनला, शिकवतो दुसऱ्या गावी. दोघांत मिळून एक जुनी, दुसऱ्या हाताची मारुती आहे. ती आम्ही आळीपाळीने चालवतो. या गाडीत गाणे वाजवण्याचे खिशातले यंत्र नीट बसवण्याचा खटाटोप आम्ही तीनदा केला. त्यातून आमचे जे मत झाले ते येथे मांडतो आहोत. साहित्याच्या चर्चेत तारांचा आणि बटणांचा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे, की श्रवण हा आस्वादाचा व्यवहार असेल, तर श्रवणाची मांडामांडही त्या व्यवहाराचाच भाग आहे. ग्रंथाच्या मुद्रणाविषयी आपण तासन्‌तास बोलतो, मग ध्वनीच्या मुद्रणाला एवढे अस्पृश्य का मानावे?

यंत्र म्हणजे एक आयपॉड क्लासिक. पुण्याच्या भाच्याने अडगळीतून काढून दिलेला. आयपॉड २००१ साली आला, त्याचे हे चक्राचे घराणे २०१४ साली बंद झाले आणि २०२२ साली आयपॉड हा प्रकारच संपला. भ्रमणध्वनी असताना हे जुनेर कशाला, असे सहकारी विचारतात. उत्तर सोपे आहे : आयपॉड वाजतो, पण त्याची घंटी वाजत नाही. त्यावर प्राचार्यांचा निरोप येत नाही की 'तातडीचे' परिपत्रक येत नाही.

पहिल्या खटपटीत आम्ही एफएम ट्रान्समीटर लावला. सिगारेट पेटवण्याच्या खोबणीत बसणारे हे चिमुकले आकाशवाणी केंद्र आपले गाणे एखाद्या रिकाम्या कंपनसंख्येवर सोडते आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. मोठ्या शहरांत कंपनसंख्यांची एवढी दाटी असते, की रिकामी जागा सापडणे मुश्कील. आमच्याकडे मात्र ८७.५ पासून १०८ मेगाहर्ट्‌झपर्यंत बहुतेक सगळे माळरान. मागासलेपणाचा असाही लाभ होतो! परंतु या मार्गाने येणारा स्वर किरटा असतो आणि एखाद्या गावाजवळ कोणाचे तरी प्रक्षेपण मधूनच आपल्या गाण्यावर चढून बसते. महिनाभरात आम्ही तो नाद सोडला.

दुसऱ्या खेपेस गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. माणूस हुन्नरी आहे. गाडीतल्या डेकच्या खाचेचे माप जगभर बहुधा एकच, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, हे त्याने कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. त्याच्या बोटांना ते ठाऊक आहे. पिवळी तार बॅटरीची, म्हणजे सदा जिवंत, तांबडी किल्लीबरोबर जागी होणारी, काळी जमिनीची. आधीच्या कोणी पिवळी-तांबडीची अदलाबदल केली होती, म्हणून किल्ली काढताच आमचा डेक सगळे विसरून जाई. हे त्याने डेक बाहेर ओढताक्षणी ओळखले. आम्ही मात्र वर्षभर त्या विस्मरणाचा दोष डेकच्या वयाला देत होतो.

त्याने डेकच्या पाठीमागून तार काढून ती डॅशबोर्डच्या आतून कप्प्यात आणली, आयपॉड कप्प्यात ठेवला, झाकण लावले. बाहेर काही नाही. "सर, वायर दिसली त मंग काम काय केलं म्या?" असे तो म्हणाला. आमच्या गावाची ख्यातीच मुळी अंतरीक्ष पार्श्वनाथाची, आधाराविना उभ्या मानलेल्या मूर्तीची. अशा गावच्या कारागिराला आधार अदृश्य करण्याची हौस असावी, यात नवल ते काय? आम्हीही त्या निराधार स्वरांवर लुब्ध झालो आणि पैसे देऊन निघालो.

त्या मांडणीतला पहिला दोष चौकापर्यंत जाण्याआधीच कानी आला. इंजिनाचा वेग वाढला की ध्वनिवर्धकातून एक बारीक शिट्टी निघे आणि ती वेगाबरोबर वरच्या पट्टीत चढत जाई. जणू कोणी तानपुऱ्याच्या खुंट्या पिळतो आहे. चार्जर आणि ध्वनीची तार या दोघांनाही जमीन वेगवेगळ्या वाटांनी मिळाली, की त्यांचे एक वेटोळे तयार होते आणि आल्टरनेटरचा गोंगाट त्या वेटोळ्यातून गाण्यात उतरतो. मध्ये एक लहानसा रोहित्राचा डबा बसवला की वेटोळे तुटते. तो बसवला, शिट्टी गेली. दुसरा दोष उन्हाळ्यात कळला असता. या यंत्राने बंद स्थितीत सोसावयाची मर्यादा ४५ अंश सेल्सिअस. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा तेथवर जातो, मग उन्हात उभ्या गाडीच्या बंद कप्प्याविषयी काय बोलावे? पण उन्हाळ्यापर्यंत थांबावे लागले नाही. तिसरा दोष आश्विनातच ट्रॉलीच्या रूपाने समोर आला.

त्या संध्याकाळनंतर आम्ही काही दिवस साध्या अंकगणितात घालवले. मराठीच्या अध्यापकांना ते पेलले, हे विशेष. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. म्हणजे दोन सेकंद कप्प्यात पाहिले, तर ३३ मीटर आपण आंधळे. समृद्धी महामार्गावर, जेथे मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे, तेथे हाच हिशेब ६६ मीटरांचा होतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली मोटार-उत्पादकांसाठी जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांत एका नजरेची मर्यादा दोन सेकंद आणि संपूर्ण कामाची बारा सेकंद अशी सुचवली आहे. आमच्या रस्त्यावर दोन सेकंदही चैनच म्हणायची. येथे रोही आडवा येतो, बैलबंडी येते, आणि ट्रॉली तर येतेच.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरण्याच्या संपर्कसाधनांचा वापर धोकादायक वाहनचालन ठरवला. आमचा आयपॉड संपर्कसाधन नव्हे. म्हणजे कलमाच्या तावडीतून आम्ही सुटलो असतो, ट्रॉलीच्या नव्हे.

आमचे मत येथे स्पष्ट मांडणे अगत्याचे आहे. वस्तू डोळ्यांआड करणे म्हणजे ती नीट बसवणे नव्हे. तार लपावी, गुंडाळी लपावी, चार्जर लपावा; पण जेथे हात ठेवावयाचा ती जागा लपता कामा नये. तिने बोटांना आपणहून भेटले पाहिजे. पेटीवादकाची बोटे पट्ट्यांकडे न पाहता स्वरावर पडतात, कारण पट्टी काल होती तेथेच आज असते आणि काळी पट्टी पांढरीहून उंच असते. तो उंचसखलपणा हीच बोटांची लिपी. आयपॉडच्या चक्राला मधोमध एक गुंडी आहे, चार दिशांना चार दाब आहेत. आठवडाभरात अंगठा ते शिकतो. ही लिपी कप्प्यात कोंडून आम्ही स्वतःच निरक्षर झालो होतो.

आजच्या नव्या गाड्यांनी तर ही लिपीच पुसून टाकली आहे. भाच्याने अलीकडे घेतलेल्या गाडीत वहीएवढा सपाट पडदा आहे. त्यावर आवाजाची गुंडी आहे, पण ती काढलेली गुंडी! बोट फिरवले तर हाताला काच लागते, आणि गुंडी कोठे आहे ते पाहिल्यावाचून कळत नाही. गाडी 'स्वच्छ' दिसते, यात शंका नाही. स्वीडनच्या एका मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ साली यावर एक साधा प्रयोग केला. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना आकाशवाणी केंद्र लावणे, गारवा बदलणे अशी चार कामे उरकायची. २००५ सालच्या बटणांच्या व्होल्व्हो गाडीत ती दहा सेकंदांत झाली; सर्वांत मागे राहिलेल्या नव्या, पडद्याच्या गाडीत ४४.६ सेकंद लागले. युरोपातील गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या संस्थेनेही २०२६ पासून दिशादर्शक, भोंगा, काच पुसणारे हात यांसारख्या गोष्टींना खरीखुरी बटणे असण्याला आपल्या गुणांकनात स्थान दिले आहे. संगीताचा त्या यादीत समावेश नाही. रसिकांनी आपले पाहून घ्यावे, असाच याचा अर्थ.

'आता तोंडाने सांगितले की गाणे लागते,' असे भाचा म्हणतो. आम्ही करून पाहिले. एका जुन्या नाट्यपदाचे नाव आम्ही स्वच्छ मराठीत उच्चारले. पडद्याने विनयपूर्वक एक हिंदी चित्रपटगीत लावले. पुन्हा उच्चारले, दुसरे हिंदी गीत लागले. तिसऱ्यांदा उच्चारताना आमच्यापैकी चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर नव्हते, हे मागच्या आसनावरून त्याच्या सौभाग्यवतींनी निदर्शनास आणून दिले.

नियंत्रण कोणाच्या हाती असावे, हाही एक प्रश्न. काळीपिवळी जीपमध्ये तो कधीच सुटलेला आहे : चालक लावील ते अकरा प्रवाशांनी ऐकावयाचे. पूजेचा अधिकार कोणाचा या वादात आमच्या गावच्या मंदिराला चार दशकांहून अधिक काळ कुलूप होते. ते २०२३ साली उघडले. गाडीतल्या गाण्याला त्या प्रश्नाशेजारी बसवणे औचित्याला सोडून होईल, तरी नियंत्रणाचा वाद किती लांबू शकतो हे शिरपूरकराला वेगळे सांगावे लागत नाही. आम्ही पुरते ठरवून टाकले : आवाजाची गुंडी चालवणाऱ्याची, गाण्याची निवड शेजारच्याची. त्यासाठी आयपॉडच्या बुडाशी असलेल्या रुंद जोडणीतून ध्वनी घेतला. तेथून तो ठरावीक पातळीवरच बाहेर पडतो, त्यामुळे आवाज कमी-जास्त करण्याची एकच जागा उरते, डेकची. पूर्वी आयपॉडची एक पातळी आणि डेकची दुसरी अशा दोन राजवटी होत्या; एकीने वाढवावे, दुसरीने दाबावे.

तिसरी मांडणी करताना आमचा कारागीर नाराज होता. आयपॉड गिअरच्या दांड्यापुढे, किंचित तिरपा, उघड्यावर बसवायचा हे त्याला पटेना. "मंग हे झाकलं कायले होतं?" हा त्याचा प्रश्न रास्तच होता. ट्रॉलीचा प्रसंग आम्ही त्याला सांगितला. तो काही बोलला नाही; तार गालिच्याखालून आणि मधल्या खोक्याच्या आतून इतक्या सफाईने नेली, की आयपॉड बैठकीतून उचलला तरच दोन बोटे तार दिसते. दुपारी गाडी उन्हात राहणार असेल तर यंत्र उचलून पिशवीत टाकता येते. वर त्याने बैठकीच्या कडेला रबराची एक बारीक पट्टी चिकटवली. कशाला, असे विचारल्यावर म्हणाला, "अंधारात हात लावून पाहा, सर." पाहिले. पट्टीवरून अंगठा सरकला तो नेमका मधल्या गुंडीवर थांबला. ही कल्पना आम्हाला सुचली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

त्या भावगीताचा अपराध मात्र तारांचा नव्हता. यंत्राला गाणी पिसण्याची जी खोड आहे, ती आम्हीच चालू ठेवली होती. विलंबित आणि द्रुत या त्याच्या दृष्टीने दोन सुट्या फायली. त्यांच्यामध्ये काय आहे हे त्याला कसे कळावे? आता पिसणे बंद. निघण्यापूर्वी, हातब्रेक सोडण्याआधी, काय ऐकायचे ते ठरते आणि मग बहुधा मालेगावपर्यंत अंगठ्यालाही काम उरत नाही. गीतरामायणाची छप्पन्न गीते १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक या गतीने वर्षभर चालली. त्या श्रोत्याच्या हाती पुढे ढकलण्याचे बटण नव्हते, मागे नेण्याचेही नव्हते. आम्ही ती सध्या क्रमाने ऐकतो आहोत, जाताना दोन, येताना दोन. काल परतताना दुसरे गीत गावाच्या वेशीवर अर्ध्यातच होते. चालवणाऱ्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केले, आणि डेकची तांबडी-पिवळी आता जागच्या जागी असल्यामुळे किल्ली अर्धी फिरवताच गीत तुटले होते तेथूनच पुढे सुरू झाले.