मागील दाराने जाणारी आई

मूल रडू नये म्हणून आजीने त्याला परसातला कावळा दाखवावा आणि तेवढ्यात आईने मागील दाराने कामाला पसार व्हावे, ही युक्ती आपल्या घराघरांतून शहाणपणाची मानली जाते. आम्ही तिला फसवणूक म्हणतो. आई गेली ह्याचे दुःख दोन-तीन वर्षांच्या जीवाला होतेच. पण ती न सांगता गेली, ह्याचा धसका त्याहून मोठा. मान वळवली की आई नाहीशी होते, एवढे एकदा कळल्यावर ते मूल कावळ्याकडेही पाहीनासे होते. (आजचा कावळा मोबाइलमध्ये बसतो, एवढाच काय तो फरक!)

अशा मुलांसाठी चित्रमय पुस्तके असावीत असे कोणी म्हटले की एक आक्षेप हटकून निघतो: हे पाश्चात्त्यांचे खूळ, त्यांच्या आया नोकऱ्या करतात, म्हणून त्यांना असली पुस्तके लागतात. आक्षेपकांनी रायगडची हिरकणी आठवावी. तान्हे घरी ठेवून ती गडावर दूध विकायला गेली, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, आणि ती कडा उतरून बाळाकडे धावली, ही आख्यायिका आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. भातलावणीला आणि मासळीबाजाराला आपल्या आया केव्हापासून जात आहेत! मात्र ही कथा पाळण्यातल्या बाळाच्या बाजूने आपण कधी सांगितली नाही. आईच्या धाडसाचा बुरूज आपण बोटाने दाखवतो. घरात अंधार पडल्यावर त्या बाळाचे काय झाले असेल, हे विचारीत नाही.

मार्टिन वॅडेल ह्या लेखकाने नेमके हेच विचारले. त्याचे ‘आउल बेबीज’ हे पुस्तक १९९२ साली निघाले. चित्रे पॅट्रिक बेन्सन ह्यांची. घुबडाची तीन पिल्ले रात्री ढोलीत जागी होतात, तो आई नाही! ती शिकारीला गेली असेल, असा तर्क थोरली करते. धाकट्याचा मात्र आईसाठी एकच धोशा चालू असतो. तिघे एका फांदीवर एकमेकांना बिलगून बसतात, आणि अखेरीस आई येते. धाकट्याला भित्रा ठरवून लेखक त्याची कानउघाडणी करीत नाही, ह्यातच त्या पुस्तकाचे मोल आहे. घुबडाचे नाव काढताच जे वाचक नाक मुरडतील, त्यांनी लक्ष्मीचे वाहन कोणते हे स्मरावे.

मुलाला घड्याळ कळत नाही. ‘पाच वाजता येईन’ हे त्याच्या लेखी निरर्थक; ‘तू झोपून उठलास, दूध प्यालास, की मी आलेच’ हे त्याला समजते. चित्रांचे पुस्तक त्याला हाच क्रम देते. पाने उलटून ते तीच गोष्ट वीस वेळा मागते. वीसही वेळा आई जाते आणि वीसही वेळा परतते. मात्र पुस्तक हाती देऊन आई पुन्हा मागील दारानेच जाणार असेल, तर ते पुस्तक नव्हे, नवा कावळा होय.

आणि परके पुस्तक आपल्याला सर्वस्वी पुरणारही नाही. घुबडीण एका रात्रीत परतते. ज्या गोमंतकीय मुलाचा बाप बोटीवर किंवा आखातात महिनोन् महिने असतो, त्याला ‘बाबा उद्या येतील’ असे सांगणे म्हणजे रोज एक नवे असत्य. त्या मुलासाठी कोणती गोष्ट आहे? फोंड्याहून सकाळच्या बसने पणजीच्या कचेरीत जाणाऱ्या आईच्या मुलासाठी कोणती?

आमच्या देवस्थानांच्या समित्या उत्सवाच्या स्मरणिका मोठ्या हौसेने काढतात. त्यांनी एका वर्षी शुभेच्छांच्या जाहिरातींची काही पाने कमी करून मराठीत व कोकणीत असे एक पुस्तक छापावे. चित्रकारांची गोव्यात वाण नाही. पहिल्याच पानावर बाबा बॅग भरताना दिसू देत, आणि मूल शेजारी बसून ते पाहत असू दे.