सिग्नलला गाडी थांबली की एसी गरम!



मागच्या खेपेला कैरीच्या लोणच्यावर लिहिलं होतं, ह्या खेपेला चक्क मोटारीच्या एसीवर लिहायला बसले आहे. "हे काय गं, बायकांच्या पानावर मोटारीचं?" असं आमच्या सासूबाईंनी विचारलंच. पण आमच्या घरी दुपारची गाडी मीच चालवते. ह्यांची नोकरी चंद्रपूरला, घरी येतात शनिवारी. माझी शाळा सकाळची, अर्ध्या वेळेची. साडेअकराला सुटले की घरी यायचं, आणि आठवड्यातून तीन दिवस मामंजींना डायलिसिससाठी मानेवाड्याहून धंतोलीला न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. एसी बिघडला तर घाम निघणार तो आमचाच, ह्यांचा नव्हे!

आमची गाडी लहानशी, दहा वर्षं वापरलेली. एप्रिलच्या सुरुवातीला एक विचित्र प्रकार सुरू झाला. रस्ता मोकळा असला की एसीतून छान गार वारा यायचा. सिग्नलला थांबलं, की दोन-तीन मिनिटांत तोच वारा कोमट, आणि मग सरळ गरम. गाडी पुन्हा चालू लागली की पुन्हा गार. मी मनाशी म्हटलं, नागपूरचं ऊन आहे, एसी बिचारा तरी काय करणार! तिथेच माझं चुकलं. तक्रार गॅरेजमध्ये सांगितली ती अर्धीच, "एसी गार करत नाही हो." तिथल्या माणसाने बॉनेटही नीट न उघडता "गॅस कमी झाला असेल" म्हणून गॅस भरून दिला. पंधराशे रुपये. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग मे महिन्यातली ती दुपार. पारा पंचेचाळिशीला टेकलेला. पाच वाजता मामंजींना घेऊन निघाले, मेडिकल चौकापाशी कुठली तरी मोठी गाडी बंद पडली होती आणि आम्ही अडकलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एसीतून भट्टीचा वारा. काचा खाली केल्या तर बाहेरून झळा. मामंजी म्हणाले, "सूनबाई, पंखा बंद केलास का?" आणि थोड्या वेळाने काहीच म्हणेनात. बघते तर मान एका बाजूला कललेली, हात गार, कपाळाला चिकट घाम. पाणी पाजावं म्हटलं तर त्यांना दिवसाचं पाणी मोजून दिलेलं, भसाभस पाजायची सोयच नाही. शेजारच्या पानठेल्यावरचा मुलगा धावत आला. त्याने सीट मागे पाडली, पाय उचलून माझ्या पिशवीवर टेकवले, मी पदर भिजवून मानेवर ठेवला. रुग्णालयाला फोन केला, ते म्हणाले परत आणा. तिथे तासाभरात सावरले. डॉक्टरांनी सांगितलं, डायलिसिसनंतर रक्तदाब आधीच उतरलेला असतो, त्यात उष्म्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि तो आणखी उतरतो. त्यांनी मला एक शब्दही लावला नाही, पण मला त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गॅरेजला. ह्या वेळी आणखी गॅस भरला गेला, आणि प्रकरण जास्तच बिघडलं! तिसऱ्या फेरीला निदान झालं की, "कॉम्प्रेसर गेला. बावीस हजार होतील. असं करा बाई, साहेबांना पाठवा, मी त्यांना समजावून सांगतो."

हे ऐकून मला आला राग. मी नुसती बी. ए. आहे हे खरं, तेही मराठी घेऊन. पण दहावीच्या मुलांचे पेपर तपासताना उत्तर पाठ केलेलं आहे की समजून लिहिलेलं, हे मला दोन ओळींत कळतं. हे उत्तर पाठ केलेलं होतं. मी गाडी घरी आणली आणि एक वही घेतली. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून थर्मामीटर मागून आणला, एसीच्या जाळीत खोचला आणि तीन दिवस नोंदी केल्या. रिंगरोडवर चालत्या गाडीत १२ अंश. सिग्नलला चार मिनिटं उभी, २७ अंश. गाडी निघाल्यावर तीन मिनिटांत पुन्हा १३. आता मला सांगा, कॉम्प्रेसर खरोखर गेला असता, तर तो चालत्या गाडीत कशाला काम करील?

आता हे असं का होतं ते सांगते. समजायला अवघड नाही, आपल्या स्वयंपाकघरातला फ्रिज डोळ्यांसमोर आणा. फ्रिज आतली उष्णता उचलतो आणि मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांतून बाहेर टाकतो. म्हणून तर फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नये म्हणतात. गाडीचा एसी तसाच. आतल्या गॅसला आर-१३४ए म्हणतात, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तोच असतो. तो साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशालाच उकळतो. हातावर स्पिरिट लावलं की उडून जाताना गार लागतं ना, तसा हा गॅस डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि आतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. मग इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबला की तो तापतो, आणि तापलेला गॅस गाडीच्या अगदी पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये जातो. तिथे उष्णता बाहेर टाकून त्याचं पुन्हा पाणी झालं, म्हणजे द्रव झाला, की परत आत जायला तयार.

सगळी मेख त्या कंडेन्सरमध्ये आहे. बाहेर ४५ अंश असताना त्याला उष्णता टाकायची तर आतला गॅस त्याहून पुष्कळ तापलेला, साठ अंशांच्या आसपास किंवा पुढे असावा लागतो, आणि जाळीतून हवा सारखी वाहती असावी लागते. गाडी धावत असली की समोरचा वारा फुकट मिळतो. उभी राहिली की तो बंद. तेव्हा जाळीमागचा विजेचा पंखा हवा ओढतो. तो पंखा फिरलाच नाही, तर उष्णता जाणार कुठे? दाब चढत जातो, शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा. मग दाबाचं बटण सुरक्षेसाठी कॉम्प्रेसरच बंद करून टाकतं, आणि आपल्या तोंडावर येतो नुसता गरम वारा.

शिवाय उभ्या गाडीत इंजिन फिरतं मिनिटाला सातशे-आठशे वेळा, चालताना दोन हजार किंवा जास्त. कॉम्प्रेसर त्याच्याच पट्ट्यावर, तोही मंदावतो. म्हणून धडधाकट एसीसुद्धा सिग्नलला थोडा कमीच गार करतो. पण थोडा! कोमट वेगळं आणि गरम वेगळं. (शेजारच्यांनी विजेवरची गाडी घेतली आहे, तिचा कॉम्प्रेसर बॅटरीवर फिरतो, तेव्हा हे मंदावणं त्यांना नाही. त्या हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवतात.)

तर मी वही घेऊन, फक्त एसीचंच काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेले. लहानसं दुकान, टिनाचं छप्पर. त्यांनी वही वाचली, हो, खरंच वाचली, आणि म्हणाले, "ताई, तुम्ही तर अर्धं काम करूनच आणलं. आता काऊन घाबरता!" इंजिन चालू, एसी चालू, बॉनेट वर. कॉम्प्रेसरचा 'टक्' आवाज आला. आमच्या गाडीत शेजारी शेजारी दोन पंखे आहेत, एक रेडिएटरचा, एक एसीचा. एसीचा पंखा ढिम्म. "हा तर फिरूनच नाही राहिला." त्यांनी एक लाकडी मूठ घेऊन मोटरीला हळूच ठोकलं, आणि पंखा अंग झटकून फिरायला लागला! दोन मिनिटांनी बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा ढिम्म. फ्यूज पाहिला, धड होता. हॉर्नचा रिले त्याच जातीचा होता, तो काढून पंख्याच्या जागी लावला, फरक नाही. शेवटी बॅटरीवरून मोटरीला थेट वायर दिली, तरी अडखळत फिरली. आतले कार्बन झिजलेले. मोटर लहर लागेल तेव्हा फिरत होती, म्हणून पहिल्या गॅसनंतर दोन दिवस मला 'गुण' आल्यासारखा वाटला.

त्यांनी मला आणखी एक युक्ती दाखवली, ती तुम्हीही करू शकता. गाडी सावलीत उभी, एसी चालू, आतून वारा गरम येत असताना पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर तांब्याने हळूहळू साधं पाणी सोडायचं. इंजिनावर किंवा वायरींवर नाही, फक्त पुढच्या जाळीवर. दोन-तीन मिनिटांत आतला वारा गार झाला, तर समजा की उष्णता बाहेर पडण्यातच अडचण आहे. पंखा बंद असेल, नाहीतर जाळी धुळीने, किड्यांनी, झाडाच्या काडीकचऱ्याने बुजलेली असेल. आपल्या कूलरच्या ताट्या चिखलाने बसल्या की नुसता दमट वारा येतो ना, तशातलाच प्रकार. जाळी धुताना पाण्याचा जोर बेताचा ठेवावा, तिच्या पातळ पात्या मुडपल्या की हवा कायमची अडते.

आता महत्त्वाचं. बॉनेट उघडून पाहताना पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी वर बांधा. हा पंखा चावी बंद असतानाही काही गाड्यांत अचानक सुरू होतो. हात घालायचा नाही, लांबून पाहायचं. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून ही परीक्षा मुळीच करायची नाही, धुरातला विषारी वायू दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो.

नवीन मोटर बसली, मजुरीसकट बत्तीसशे रुपये. पण एसी अजून पुरता गार होईना. मिस्त्रींनी गॅसचं मीटर लावलं आणि डोक्याला हात लावला. दाब भलताच. गाडीच्या बॉनेटखाली एक स्टिकर असतो, त्यावर गॅस किती ग्रॅम हवा ते लिहिलेलं असतं. आमच्यावर ४५० ग्रॅम. यंत्राने ओढून घेतला तर निघाला ५८०! जास्त गॅस झाला तरी दाब चढतो आणि गारवा कमी होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, आमटीत पाणी घातलं तशी वाढवावी म्हणजे पुरते. दोनदा पैसे देऊन मीच ते दुखणं विकत घेतलं होतं.

गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपत नाही. त्याच नळ्यांत तो वर्षानुवर्षं फिरतो, कमी झाला तर कुठेतरी गळतो आहे. भरपूर वर्षांत थोडासा झिरपणं वेगळं, पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल, तर आधी गळती शोधायला सांगा. गॅस खरोखर कमी असला तरी पहिली चाहूल पुष्कळदा सिग्नललाच लागते, कारण कॉम्प्रेसर तिथे मंद असतो. म्हणून अंदाजाने भरणारे नव्हे, मोजून भरणारे गाठावेत. भरण्याआधी वीसेक मिनिटं तरी यंत्राने नळ्या निर्वात करायला हव्यात, म्हणजे आतली हवा आणि ओल निघून जाते. बिलावर किती ग्रॅम भरला तो आकडा लिहून घ्यायचा आणि बदललेला जुना भाग मागून घ्यायचा. मी आमची जुनी मोटर मागून घेतली आहे. ह्यांनी विचारलं, "हिचं काय करणार?" म्हटलं, दाखवायला ठेवली आहे.

बाकीची कारणं थोडक्यात. पट्टा सैल असेल तर एसी लावताना चीं असा आवाज येतो. कॉम्प्रेसरचा क्लच झिजला असेल तर गाडी तापल्यावर तो सुटतो आणि निवल्यावर पुन्हा धरतो, त्यात कधी कधी नुसती फट नीट करून भागतं. चालत्या गाडीतही गरमच येत असेल तर नुसता पंखा हे कारण नसावं. आणि वारा गार पण थोडा येत असेल, तर डॅशबोर्डमागचं फिल्टर काढून झटका, आमच्याकडे त्यातून पाचोळा निघाला होता.

रस्त्यात असं झालंच, तर पहिली नजर इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे. तो चढायला लागला असेल, तर एसी लगेच बंद, काचा खाली, आणि जमेल तिथे सावलीत गाडी उभी करून इंजिन बंद. काटा जागेवर असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर किंचित दाबला तर थोडा फरक पडतो, पण पंखाच बंद असेल तर तो फार वेळ टिकत नाही. म्हातारं माणूस किंवा लहान मूल गाडीत असेल तर वाट पाहत बसू नका, त्यांना घेऊन जवळच्या दुकानाच्या सावलीत जा. "पाच मिनिटांत सुटेल" असं मी त्या दिवशी तीनदा म्हटलं होतं.

परवा सोमवारी परत येताना तुकडोजी चौकात सात मिनिटं उभी होते. थर्मामीटर अजून जाळीतच आहे, विज्ञानाच्या बाईंनी दोनदा परत मागितला. १५ अंशांवर होता. मामंजी म्हणाले, "सूनबाई, जरा कमी कर, कान गार पडले." मी बटण एक घर खाली केलं.

कूलरच्या वाळ्याच्या ताट्या घरी कशा भरायच्या हे तिघीजणींनी पत्रातून विचारलं आहे. ते पुढच्या अंकात.