वाळूच्या आधी गवत

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की मराठी घरांत राजस्थानच्या सहलीचे बेत सुरू होतात. त्यातला जैसलमेरचा भाग बहुधा ठरलेला असतो. सकाळी सोनार किल्ला, दुपारी पटवांची हवेली, संध्याकाळी समच्या टेकड्यांवर उंट आणि जीप, रात्री तंबूंसमोर नाचगाणे आणि दुसऱ्या दिवशी पुढचा मुक्काम. अलीकडे या बेतात आणखी एक ओळ शिरली आहे: मरुभूमी राष्ट्रीय उद्यान, अर्धा दिवस, माळढोक. ही ओळ आली याचा मला मनापासून आनंद आहे. पण अर्ध्या दिवसाच्या हिशेबाने गेलेल्या माणसाला वाळवंटही कळत नाही आणि माळढोकही बहुधा दिसत नाही. उलट त्या पक्ष्याच्या वाट्याला आणखी एक गाडी येते, एवढेच. म्हणून माझे म्हणणे असे की, जो पहिल्यांदाच आणि थोड्या वेळासाठी चालला आहे, त्याने तिथले गवत पाहायला जावे. दोन सकाळी आणि मधली एक संध्याकाळ एकाच परिसरात काढावी आणि बाकीच्या गोष्टींवर या खेपेला पाणी सोडावे.

गवतच का, याचे उत्तर त्या जमिनीत आहे. हे उद्यान जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटरवर पसरले आहे आणि त्यात वाळूच्या टेकड्या जेमतेम पाचवा हिस्सा आहेत. उरलेला भाग म्हणजे खडकाळ पठारे, मुरमाड सपाटी, खाऱ्या तळ्यांचे कोरडे तळ आणि झाडोऱ्याने जागच्या जागी स्थिरावलेल्या जुन्या टेकड्या. वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या या मुलखात सेवण नावाचे गवत वर्षानुवर्षे तग धरते, कारण त्याची मुळे वाळूत खोलवर गेलेली असतात. सेवणाचा एक ठोंब जवळ बसून पाहावा. बुंध्याशी वाऱ्याने आणलेली वाळू अडून बोटभर उंचीचा ढीग झालेला असतो. त्या ढिगाच्या आडोशाला वाळवंटी उंदराच्या बिळांची तोंडे असतात आणि हिवाळ्यात हा उंदीर भर दिवसाही बाहेर येऊन दाणे गोळा करताना दिसतो. बिळांच्या भोवती भुंग्याच्या पायांची बारीक शिवण, त्यावरून रात्री गेलेल्या खोकडाची पावले, आणि वर आकाशात त्याच उंदरावर डोळा ठेवून घिरट्या घालणारा भोवत्या. वाळवंटाची सगळी रोजी या ठोंबापासून सुरू होते. चिंकारा त्यावर चरतो, थारपारकर गाय त्यावर जगते, माळढोक त्यातले नाकतोडे टिपतो. निव्वळ वाळूची टेकडी देखणी असते हे खरे, पण जीवसृष्टी बघायला आलेल्याने आपला अर्धा वेळ तिथे घालवला तर घराच्या अंगणात फिरून घर पाहिल्याचे समाधान मानावे, तसे होते.

आता वेळेचा हिशेब. जैसलमेर देशाच्या पश्चिम टोकाला असल्याने जानेवारीत तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो. मुंबईकराचे घड्याळ तिथे वीसेक मिनिटांनी फसते, नागपूरकराचे त्याहून जास्त. सुदासरी, म्हणजे उद्यानातला माळढोकांसाठी कुंपण घालून राखलेला प्रसिद्ध भाग, शहरापासून सुमारे साठ किलोमीटरवर आहे. शहरात मुक्काम ठेवला आणि हॉटेलची न्याहारी करून निघाले, तर पोहोचेपर्यंत साडेदहा वाजतात. तोवर चंडोल गप्प झालेले असतात, हरणे सावलीला गेलेली असतात आणि तापू लागलेल्या जमिनीवरची हवा थरथरून दुर्बिणीतले सगळे चित्र पुसट होते. त्यामुळे मुक्काम सम किंवा खुरीच्या बाजूला, उद्यानाच्या कडेला ठेवावा. सुदासरीला वनखात्याच्या झोपड्या आहेत, त्या मिळतात का हे जैसलमेरच्या कार्यालयात आधी विचारावे. उद्यानात जायची परवानगीही तिथूनच घ्यायची असते. सीमा जवळ असल्याने ओळखपत्र जवळ हवे आणि हद्दीच्या दिशेची गावे परवान्याशिवाय टाळलेली बरी. पहाटे पारा कधी कधी शून्याच्या जवळ जातो, दुपारी त्याच ठिकाणी सदऱ्यावर फिरता येते, म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालणे सोयीचे पडते.

महिना निवडतानाही काय बघायचे हे ठरवून निवडावा. डिसेंबर-जानेवारीत गिधाडे, गरुड, भोवत्ये आणि तिलोर हे पाहुणे भरपूर असतात, पण सांडा नावाचा काटेरी शेपटीचा सरडा तेव्हा बिळात झोपलेला असतो. फेब्रुवारीअखेरीस ऊन चढू लागले की तो बिळाच्या तोंडाशी येऊन बसतो, रोहिड्याला केशरी-पिवळी फुले येतात आणि पाहुण्या पक्ष्यांतले बरेचसे अजून गेलेले नसतात. एकच खेप शक्य असेल तर मी फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा सुचवेन. मराठी शाळांचे वेळापत्रक तेव्हा आडवे येते हे मान्य. मग दिवाळीच्या सुटीचे शेवटचे दिवस धरावेत.

आणि माळढोक? तोच तर बहुतेकांना हवा असतो, आणि त्याबद्दलच नीट बोलले पाहिजे. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. मीटरभर उंचीचा आणि नर असेल तर पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी आता जगात मोकळ्या रानात दीडशेच्या आसपास उरला आहे आणि त्यांतले बहुतेक थरमध्ये आहेत. २०११पासून त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत होते. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही घरटे न बांधता उघड्या जमिनीवर. कुत्रे, कोल्हे, कावळे आणि चरणाऱ्या गुरांचे खूर यांतून ते एक अंडे वाचले तरच पुढची पिढी. त्यातून मोठ्या झालेल्या पक्ष्यापुढे विजेच्या तारा असतात. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने आजूबाजूचे त्याला छान दिसते, समोरचे मात्र फार अरुंद पट्ट्यात. जड शरीराने ऐनवेळी वळता येत नाही आणि पवनचक्क्या व सौर प्रकल्पांची वीज वाहून नेणाऱ्या तारा आज थरच्या आकाशात जिकडे तिकडे आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासाने या टापूत तारांना धडकून वर्षाला ८०,०००हून अधिक पक्षी मरत असावेत, असा अंदाज मांडला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, मार्च २०२४मध्ये तो बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. दुसरीकडे २०१९पासून समच्या केंद्रात आणि पुढे रामदेवऱ्याला रानातली अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम गर्भधारणेतून पहिले पिल्लू जन्माला आले. एवढा जीव ओतून जी प्रजाती सांभाळली जात आहे, तिच्यातला एक पक्षी ‘दाखवून’ घेण्यासाठी गाडीवाल्याच्या हातात जादा पैसे कोंबणे मला अक्षम्य वाटते. वाट सोडून गवतात घातलेली जीप पक्ष्याला उडवते. उडालेला पक्षी राखलेल्या भागातून बाहेर, तारांच्या दिशेने जाऊ शकतो. फोटो मिळतो, पण त्याची किंमत कोणी मोजली हे फोटोत येत नाही.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. एवढे हजारो रुपये आणि सुटी खर्च करून माळढोक दिसलाच नाही तर काय मिळवले? पण हा आक्षेप सहल एकाच पक्ष्यावर टांगली तरच खरा ठरतो. सकाळी ऊन वर आले की पखुर्ड्यांचे थवे पाण्यावर उतरतात. ज्या ऋतूत पिल्ले असतात त्या ऋतूत या पक्ष्याचा नर पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि तेवढे पाणी कित्येक किलोमीटर उडत नेऊन पिल्लांना पाजतो; पाण्याशी उतरलेला थवा नीट पाहिला तर नर पोट टेकून कसा बसतो हे हिवाळ्यातही कळते. मेलेल्या गुराभोवती एकाच वेळी तीन-चार जातींची गिधाडे दिसणे आता आपल्याकडे अपवादाने घडते, तिथे ते हिवाळ्यात अजून घडते. यासाठी लागते ती एका जागी थांबण्याची तयारी आणि बरोबर एक बरी दुर्बीण. आणि याच तयारीने बसलेल्याला गवताच्या शेंड्यांवरून हळूच वर आलेली माळढोकाची पांढरी मान दिसण्याचा संभवही धावपळ करणाऱ्यापेक्षा जास्त असतो. खात्री कोणी देऊ नये, आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरा आक्षेप घरातून येतो. मुलांना वाळूत लोळायचे असते, आजीला सूर्यास्त पाहायचा असतो, सगळ्यांनाच पक्ष्यांचे वेड नसते. बरोबर आहे, आणि मधली संध्याकाळ त्यासाठीच आहे. फक्त ती समच्या मुख्य टेकडीवर, चार चाकांच्या घरघरीत आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे घालवू नये. खुरीच्या बाजूच्या टेकड्यांवर पायी चढता येते. संध्याकाळी वाऱ्याने वाळू सपाट केलेली असते, त्यामुळे सकाळी पुन्हा त्याच जागी गेले तर रात्रभरात कोण कोण येऊन गेले हे मुलांना ठशांवरून ओळखता येते. माझ्या मते उंटाच्या फेरीपेक्षा हा खेळ त्यांना जास्त काळ आठवतो. मांगणियारांचे गाणे ऐकायचे असेल तर तेही अवश्य ऐकावे, पण कमायचा आणि खडताल विजेच्या कर्ण्याशिवाय ऐकाव्यात. फुरशाचा मुलूख आहे, तेव्हा झुडपात हात घालू नये आणि अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये, एवढे मात्र मुलांना बजावून ठेवावे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो दोन बाजूंनी येतो. एक बाजू म्हणते, एवढा नाजूक मुलूख असेल तर जाऊच नका. दुसरी म्हणते, समच्या तंबूंवर शेकडो घरे चालतात, तुमच्या शांततेच्या हट्टापायी त्यांचे पोट का मारता? दोन्हींचे उत्तर तिथल्या माणसांपासून सुरू होते. नावात राष्ट्रीय उद्यान असले तरी १९८०मध्ये अधिसूचना निघाली ती अभयारण्याची आणि कायद्याने ते आजही अभयारण्यच आहे. त्याच्या हद्दीत सत्तरहून अधिक गावे आणि ढाण्या, म्हणजे लहान वस्त्या, आहेत. रस्ता, वीज, पाणी यांसाठी या लोकांना वन्यजीव कायद्याच्या परवानग्यांची वाट पाहावी लागली आहे. संरक्षणाचा भार त्यांनी उचलला आणि पर्यटनाचा पैसा मात्र समच्या एका रस्त्याकडेला साठत गेला. म्हणून न जाणे हे उत्तर मला पटत नाही. कोणीच आले नाही तर गवत राखण्यापेक्षा ते नांगरणे किंवा प्रकल्पाला देणे गावाला फायद्याचे ठरेल. जैसलमेरच्या परिसरात ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेली चराऊ राने आहेत, आणि ती वाचवण्यासाठी गावकरी आजही झगडत आहेत. दोन सकाळींसाठी त्याच गावांतला वाटाड्या घेतला, त्याच ढाणीत बाजरीची रोटी आणि केर-सांगरी खाल्ली, तर त्या पैशाला गवताशी नाते लागते. रात्रीच्या एका तंबूपेक्षा हा खर्च जास्त होत नाही आणि तो योग्य घरात जातो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळे परके वाटू नये, कारण आपण हाच पक्षी आपल्या अंगणातून घालवला आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९मध्ये माळढोक अभयारण्य झाले, तेव्हा कागदावर त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात शेते आली, गावे आली, शहराची वस्तीसुद्धा आली. जमिनीचे व्यवहार अडले, लोक चिडले आणि ज्या पक्ष्यासाठी हे केले तो लोकांना वैरी वाटू लागला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले, पण तोवर माळ ऊस आणि द्राक्षांखाली गेले होते. आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. थरमध्ये जे अजून शिल्लक आहे ते आपल्याकडे काय होते आणि कसे गेले हे ठाऊक असलेल्या माणसाने जैसलमेरला जाणे आणि नुसत्या पर्यटकाने जाणे यांत मला फार अंतर दिसते.

म्हणून बेत आखताना एक सकाळ आधी घराजवळ काढावी. बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, पाच चौरस किलोमीटरच्या थोडे वर, आणि तिथे चिंकारा आहे. कर्जतजवळच्या रेहेकुरीला काळवीट आहे, इंदापूरजवळ कडबनवाडीचा माळ आहे. राजस्थानची तिकिटे काढण्याआधी मुलांना यांपैकी एका ठिकाणी उजाडताना न्यावे, गाडी बंद करावी आणि गवतात हरीण कुठे उभे आहे हे ओळखायला त्यांना किती वेळ लागतो ते पाहावे. त्यावरून जैसलमेरला दोन सकाळी पुरतील की किल्ल्याची एक दुपार कमी करून तिसरी काढावी लागेल, हे ठरवता येईल.