जोते आधी मोजा, मग भिंत पाडा

रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका बौद्धवाडीत आमचे अलीकडे दोनदा जाणे झाले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आदळले. त्यात या वाडीतल्या एका काकींच्या घराचे छप्पर गेले आणि पडवीकडची भिंत बसली. आधी ताडपत्री, मग उसने पत्रे, असे करत त्यांनी पावसाळे काढले. आता मुलाने गोदामात राबून चार पैसे साठवले, म्हणून घर नव्याने बांधायचे ठरले. ग्रामपंचायतीत उत्तर मिळाले, "खाडीजवळ आहे, सीआरझेड लागतो."

काकी आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, हा शीआरझेड कोण? वादळात तर कुठं दिसला नाय."

आम्ही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही.

१९८६ च्या पर्यावरण कायद्याखाली केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनाऱ्यासाठी नियम काढले. मग २०११ साली आणि पुन्हा २०१९ साली ते नव्याने आले. समुद्रकिनारी उच्चतम भरतीच्या रेघेपासून जमिनीच्या बाजूला ५०० मीटर हा पट्टा. खाडीला २०११ च्या नियमात १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. २०१९ मध्ये या शंभराचे पन्नास झाले. गावाकडच्या किनाऱ्यावर या रेघेलगत नवे बांधकाम बंद. मात्र जुने अधिकृत घर दुरुस्त करता येते, पाडून पुन्हा बांधताही येते. अट एवढीच की जोते होते तेवढेच राहिले पाहिजे, इंचभरही वाढता कामा नये.

काकींचे घर भरतीच्या रेघेपासून अंदाजे सत्तर मीटरवर. म्हणजे जुन्या नियमाने आत, नव्याने बाहेर! नवा नियम लागू व्हायला त्या भागाचा नवा नकाशा मंजूर असावा लागतो. आम्ही एका कार्यालयात गेलो. एका टेबलावर जुना नकाशा दाखवला, दुसऱ्या टेबलावरचे साहेब म्हणाले नवा बघा. नकाशाचे प्रमाण एकास पंचवीस हजार. आमच्या हिशेबाने काकींचे घर त्यावर जेमतेम पाव मिलिमीटर भरते. पेन्सिलीचे टोक त्याहून जाड असते. म्हणून अर्जातच लेखी विचारा की आमच्या गटनंबरला कोणता नकाशा लागू आहे आणि मोठ्या प्रमाणाचा गावनकाशा मिळेल का. तोंडी उत्तरावर घराचा पाया घालू नका.

आता आमची चूक सांगतो. पहिल्या फेरीत आम्हीच म्हणालो, "ही भिंत पाडून टाका, नातवंडांच्या अंगावर यायची." मुलाने भिंत पाडली, दगड रचून ठेवले, त्या भरात जोत्याचा एक कोपराही उपटला. पुढे कार्यालयात पहिलाच प्रश्न आला, "जुने जोते किती होते?" आयुष्यभर खतावणीत पै-पैचा मेळ घालणारे आम्ही, पण त्या दिवशी पिशवीतून टेप काढली नाही की फोटो घेतला नाही. काकी काही बोलल्या नाहीत. त्यांनी चहा ठेवला, तो आम्हाला गोड लागला नाही.

नशीब एवढेच की तीन कोपरे जागेवर होते. तीन असले की चौथा निघतो. अठरा फूट बाय बावीस फूट, म्हणजे ३७ चौरस मीटर. २०१९ च्या नियमात गावठाणाकडच्या स्वतःच्या राहत्या घराला ३०० चौरस मीटरपर्यंत स्थानिक प्राधिकरण परवानगी देऊ शकते, राज्याच्या किनारा प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. तपासणी मात्र होते.

खरी अडचण 'अधिकृत' या शब्दात आहे. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती बंद करण्याचे विधेयक मांडले, कायदा १९४९ साली झाला, तरी काकींच्या घराखालच्या जमिनीचा सातबारा अजून दुसऱ्याच्या नावावर आहे. बंगलेवाल्याची फाइल जाडजूड असते. काकींकडे पत्र्याच्या पेटीत सासऱ्यांच्या नावाच्या घरपट्टीच्या पावत्या निघाल्या, सर्वांत जुनी १९७८ ची. घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे. पण १९९१ च्या आधी तिथे घर उभे होते, हे ती पावती सांगते. तिच्या जोडीला नमुना ८ चा उतारा, जुने वीजबिल आणि वादळानंतरच्या पंचनाम्याची नक्कल आम्ही लावली.

वाडीतला एक तरुण म्हणाला, "समोरची तिवरंच साफ करू, मग कायदा लागंल कशाला?" आम्ही त्याला तिथेच थांबवले. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये निकाल दिला आहे की कांदळवन कोणाच्याही मालकीच्या जमिनीवर असो, त्याला संरक्षण आहे, भोवतीच्या ५० मीटरलाही आहे, आणि तोडलेले पुन्हा उभे करणे सरकारवर बंधनकारक आहे. तोडले तर गुन्हा नोंदणार तो आमच्या पोरावर. आणि काकी त्याला जे बोलल्या ते आमच्यापेक्षा खणखणीत होते, "त्या वादळात लाटेला तिवरांनीच धरलंन. छप्पर वाऱ्यानं नेलं, पाणी घरात नाय आलं."

अर्ज दाखल झाला, आवक क्रमांकाची पोच काकींच्या त्याच पेटीत आहे. येत्या बुधवारी तलाठी आणि ग्रामसेवक मोजणीला यायचे आहेत. काकींनी जोत्यावरचे गवत काढले, उपटलेला कोपरा सुतळी बांधून दाखवला आहे. या खेपेला टेप आम्ही आदल्या रात्रीच पिशवीत टाकणार आहोत.