खोलीचं तापमान म्हणजे कोणाच्या खोलीचं?

आज एका अत्यंत क्षुल्लक विषयावर तावातावाने लिहिणार आहे. विषय आहे बटर. तेच ते पिवळं, खारट, कागदात गुंडाळलेल्या वडीचं. ते फ्रीजमध्ये ठेवायचं की ओट्यावर, एवढाच प्रश्न.

ज्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटतो त्यांनी सकाळी पावणेसातला, शाळेची बस खाली हॉर्न वाजवत असताना, दगडासारखं बटर ताज्या ब्रेडला लावून दाखवावं. ब्रेड फाटतो, बटर जसंच्या तसं राहतं आणि पोराच्या डब्यात भगदाड पडलेलं सँडविच जातं. मग कोणी सुचवतं, मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद ठेव. ठेवलं. वडी मधून वितळते, कडेने कडकच राहते आणि बशीत तेलाचं तळं साचतं. कोणी म्हणतं, किसणीवर किसून घे. छान. आता ती किसणी कोण घासणार?

तर मुद्दा असा की या प्रश्नावर दोन पंथ आहेत आणि माझं दोघांशीही भांडण आहे.

पहिला फ्रीज पंथ. या मंडळींच्या मते बाहेर ठेवलेली प्रत्येक गोष्ट विषारी होते. टोमॅटो फ्रीजमध्ये, मध फ्रीजमध्ये, आणि हल्ली तर तूपसुद्धा फ्रीजमध्ये! अहो, तूप कढवायचं ते टिकावं म्हणून. लोण्यातलं पाणी उडवून टाकायचं आणि बेरी गाळून काढायची, एवढं सगळं कशासाठी केलं? कायद्यानुसार तुपात पाणी अर्ध्या टक्क्याहून जास्त नसावं. जंतूंना वाढायला पाणी लागतं, ते तिथे नाहीच. फ्रीज नव्हते तेव्हाच्या बायकांनी सोडवलेला प्रश्न आपण वीजबिल भरून पुन्हा सोडवतोय.

दुसरा ओटा पंथ. हे बहुधा तिकडे जाऊन आलेले असतात, किंवा तिकडचं वाचून आलेले असतात. "अरे, इंग्लंडमध्ये सगळे बाहेरच ठेवतात. त्यासाठी झाकणाची खास बशी मिळते. फ्रेंच लोक तर पाण्यात उलटी बुडवलेली वाटी वापरतात." सगळं खरं आहे. पण हे सांगताना त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत असतो, त्याचं काय?

आता थोडं शास्त्र बघू, कारण दोन्ही पंथांचं अर्धं अर्धं बरोबर आहे.

आपल्याकडच्या टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश हवा आणि पाणी जास्तीत जास्त १६ टक्के. मिठाची कमाल मर्यादा ३ टक्के. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मिठाचा अंदाज येतो. समजा १०० ग्रॅम बटरमध्ये २ ग्रॅम मीठ निघालं. दिसायला किरकोळ. पण मीठ स्निग्धांशात विरघळत नाही, ते सगळं त्या १६ ग्रॅम पाण्यात जाऊन बसतं. म्हणजे २ भागिले १८, जवळजवळ ११ टक्क्यांचं खारं पाणी. समुद्राचं पाणी साधारण साडेतीन टक्के खारट असतं. बटरमधलं पाणी त्याच्या तिप्पट. बहुतेक जंतूंचा जीव तिथे मेटाकुटीला येतो. (सगळ्यांचा नाही. काही चिवट असतात, ते विसरू नका, पुढे लागेल.)

दुसरी गंमत अशी की हे पाणी एका जागी नसतं. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी थेंब चरबीत अडकलेले असतात. एका थेंबात एखादा जंतू शिरलाच, तर तो तिथेच कोंडला जातो. शेजारच्या थेंबात जायला वाट नाही, खायला त्या थेंबातलं तेवढंच. आमच्या धंद्यात एक प्रोग्रॅम बिघडला तरी त्याने शेजारच्याला घेऊन बुडू नये म्हणून प्रत्येकाला वेगळ्या खोलीत डांबतात. बटर हे जन्मतःच तसं बांधलेलं आहे.

म्हणजे ओटा पंथ जिंकला? थांबा.

ही बांधणी चरबी घट्ट असेपर्यंतच. दुधाची चरबी एकदम वितळत नाही, हळूहळू मऊ होत जाते. १८-२० अंशांना ती सुरीखाली छान पसरते. २८-३० च्या पुढे तेल सुटायला लागतं आणि पस्तिशीच्या आसपास सगळा मामला पातळ. पातळ झालं की भिंती पडल्या, थेंब एकत्र आले, पाणी खाली साचलं. मग ते परत फ्रीजमध्ये घालून घट्ट केलं तरी पूर्वीचं बटर परत मिळत नाही. चव रवाळ होते आणि ती कोट्यवधी खोल्यांची व्यवस्था गेली ती गेलीच.

आणि इथेच माझा खरा राग आहे. इंग्रजी पाककृतीत "खोलीच्या तापमानाचं बटर" असं लिहिलेलं असतं, आपण ते जसंच्या तसं मराठीत आणतो आणि कोणी विचारतच नाही की बाबा, कोणाच्या खोलीचं? लिहिणाऱ्याच्या डोक्यात १८ ते २१ अंश असतात. डोंबिवलीतल्या स्वयंपाकघरात मे महिन्यात कुकरच्या चार शिट्ट्या झाल्यावर किती असतात? केक करणाऱ्या मैत्रिणी तक्रार करतात की सगळं मापात घेऊनही केक दडस झाला. होणारच! बटर आणि साखर फेटताना बटरने हवा धरून ठेवायची असते. तासभर बाहेर राहून तेल सुटलेलं बटर हवा धरत नाही. चूक तिच्या हाताची नाही, पाककृतीत आकड्याच्या जागी एक गुळगुळीत शब्द लिहिणाऱ्याची आहे. आमच्याकडे कोणी असं चलपद किंमत न देता वापरलं तर संध्याकाळपर्यंत घरी जाता येत नाही.

पाकिटावरची "थंड ठेवा" ही सूचना मात्र मी समजू शकतो. कंपनीला एकच वाक्य छापायचंय आणि तीच वडी नागपूरच्या मे महिन्यातही जाणार आहे, महाबळेश्वरच्या जानेवारीतही. सगळ्यात वाईट परिस्थिती धरूनच लिहावं लागणार. पण ती त्यांची सोय झाली. दुकानापासून आपल्या घरापर्यंत ती पाळायचीच. घरात आल्यावर मात्र डोकं चालवायला काय हरकत आहे?

मी ते चालवलं, आणि तोंडावर आपटलो. तेही सांगतो.

आमच्या आईला संधिवात आहे. बोटांची पेरं सुजतात, सकाळी जास्त. तिला ब्रेड-बटर फार आवडायचं. मध्यंतरी बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती चहाबरोबर नुसता कोरडा टोस्ट खाते. विचारलं तर म्हणाली, "आताशा नको वाटतं रे बटर." मी मान डोलावली. कोलेस्टेरॉल वगैरे असेल. मग एकदा सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर ती सुरी दोन्ही हातांनी धरून वडीवर दाबत होती, आणि सुरी काही आत जात नव्हती. मला बघून तिने वडी परत कागदात गुंडाळली.

त्याच दिवशी मी ५०० ग्रॅमचं पाकीट फोडून काचेच्या भांड्यात ओट्यावर ठेवलं. जानेवारी होता, पुण्यातली थंडी. महिनाभर घरात सुखसमाधान. वरून नवीन घालत गेलो. मार्चअखेरीस एका दुपारी ऑफिसातून लवकर आलो तर भांड्यात वर पिवळं तेल, खाली ढगाळ पाणी, आणि वास... खवट! निम्मं भांडं टाकलं. त्याच उत्साहात आईने आठवडाभराची साय विरजून काढलेलं लोणीही मी "बाहेर टिकतं" म्हणून ओट्यावर ठेवलं होतं, तेही गेलं. आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

चुका मोजल्या तर चार निघाल्या. एक, मी जागा ठरवली पण प्रमाण ठरवलं नाही. दोन, जुन्यात नवीन मिसळत गेलो, त्यामुळे तळाचं बटर जानेवारीतलंच राहिलं. तीन, काचेचं भांडं खिडकीजवळ. हवा आणि उजेड लागला की चरबी खवट होण्याचा वेग वाढतो. चार, घरचं लोणी आणि विकतचं खारं बटर एकच समजलो. घरच्या लोण्यात मीठ नाही, ताकाचा अंश भरपूर, पाण्याचे मोठे मोठे कप्पे, आणि विरजणाचे जंतू तर जिवंतच. आपल्या आज्या ते पाण्यात बुडवून ठेवायच्या, रोज पाणी बदलायच्या आणि साठलं की कढवायच्या. लोणी टिकत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर तूप.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे: कुठे ठेवायचं हा प्रश्नच चुकीचा आहे. किती ठेवायचं हा खरा प्रश्न.

इराण्याच्या हॉटेलात मस्का मऊ असतो. पावभाजीच्या गाडीवर बटरच्या वड्या तव्याशेजारी रचलेल्या असतात. तिथे बाहेर चालतं कारण ते बघता बघता संपतं. आपण बघतो ते "बाहेर", आणि "संपतं" हे विसरतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्लाही हाच आहे: बटर बाहेर सुरक्षित असतं, पण अनेक दिवस ठेवलं तर खवट होऊ शकतं, म्हणून एक-दोन दिवसांत संपेल तेवढंच काढा. ओटा पंथवाले या सल्ल्याचं पहिलं अर्धं वाक्य सांगतात, फ्रीज पंथवाले दुसरं.

संगणकवाल्यांना हे नवीन नाही. मोठा साठा लांब, थंड आणि संथ. जवळ एक छोटी कॅश (रोख रकमेची नव्हे), पटकन हाताशी येणारी, आणि तिच्यातल्या मालाला मुदत. मुदत संपली की रिकामी करा, पुसा, मग नवीन भरा. ओट्यावरची डबी ही कॅश आहे, गोदाम नव्हे.

आमच्या घरी चार माणसांत १०० ग्रॅमची वडी चार दिवस जाते. म्हणजे दोन दिवसांचे ५० ग्रॅम, अर्धी वडी. ती झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डबीत, गॅस आणि खिडकीपासून लांब. तांब्या-पितळेत नको, तांब्याने चरबी लवकर खवट होते. सुरी कोरडी आणि स्वच्छ, जॅमने बरबटलेली बुडवली की खाऱ्या पाण्याचं सगळं शास्त्र वाया. भिंतीवर वीस रुपयांचं नव्हे, जरा बरं तापमापक लावलंय. २२ अंशांच्या आत दोन दिवसांचं काढतो. २२ ते २८ मध्ये फक्त त्या दिवसाचं. २८ च्या वर डबी फ्रीजमध्येच, आणि सकाळी चहाचं आधण ठेवताना लागेल तेवढाच तुकडा बाहेर. चहा होईपर्यंत तो वठणीवर येतो. बिनमिठाचं बटर आणि घरचं लोणी कायम फ्रीजमध्ये. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर त्यांच्यासाठी सरळ फ्रीजमधलंच घ्या, तिथे हुशारी नको. ते चिवट जंतू आठवतायत ना?

यावर आमच्या एका मित्राचं म्हणणं, "अर्ध्या वडीसाठी एवढे नियम? त्यापेक्षा फ्रीज बरा." हाच तर वाद आहे. फ्रीज बरा, कारण तो विचार करायला लावत नाही. पण त्या न केलेल्या विचाराची किंमत कोणीतरी मोजतच असतं. आमच्या घरी ती दुखऱ्या बोटांनी मोजली जात होती, आणि "आताशा नको वाटतं" या वाक्यामागे लपली होती. न्यूझीलंडमध्ये एके काळी फ्रीजच्या आत बटरसाठी वेगळा कप्पा असे आणि त्या कप्प्यात चिमुकला हीटर! थंड करणाऱ्या यंत्रात गरम करणारं यंत्र. हसू येतं खरं, पण तिथे निदान कोणीतरी मान्य केलं होतं की कडक बटर ही खरी अडचण आहे.

तुमच्या घरी कोणी गुपचूप कोरडा टोस्ट खात असेल तर एकदा त्याच्या हातात सुरी देऊन बघा. एवढंच.

असो. फार झालं. चहा गार होतोय.

ता. क. आईने हा लेख वाचला. म्हणाली, "सगळं ठीक, पण फ्रीजमधलं बटर कांद्याच्या वाटीशेजारी ठेवतोस ते नाही लिहिलंस." तर तेही लिहितो. बटर वास फार लवकर धरतं. कांद्यापासून लांब ठेवा. :)