मिश्री हेसुद्धा व्यसनच!

"काही व्यसन आहे का?" असं विचारलं की आपल्या कोल्हापूर भागातल्या बऱ्याच मावशी, काकू ठामपणे "नाही" म्हणतात. पण "मिश्री लावता का?" विचारलं की उत्तर येतं, "ती लावते की, दोन-तीन वेळा!" मिश्रीला, म्हणजेच मशेरीला, आपण दंतमंजन समजतो. माझ्या मते खरी गफलत इथेच आहे.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. ती हिरड्यांना लावली की तिच्यातलं निकोटिन रक्तातून मेंदूत पोहोचतं आणि तिथे डोपामाइन हे रसायन वाढवतं. एरवी भुकेल्या पोटी भाकरी मिळाली की डोपामाइन वाढतं आणि मेंदू शिकतो, 'हे पुन्हा कर.' निकोटिन मेंदूला हाच धडा फुकटात शिकवतं. दारू आणि ब्राऊन शुगर यांच्या वाटा वेगळ्या, पण शेवटी त्याही डोपामाइनपाशीच येतात.

रोजच्या माऱ्याने मेंदू बदलतो. मग मिश्री मजेसाठी नाही, नुसतं बरं वाटावं म्हणून लागते. नाही लावली तर डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. "मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही" हा मिश्रीचा गुण नव्हे, हे व्यसनाचं लक्षण आहे.

म्हणूनच "मनावर घेतलं की सुटतं" हा सल्ला मला अपुरा वाटतो. पहिला आठवडा सर्वांत अवघड असतो. तीन-चार आठवड्यांत त्रास बराच कमी होतो. मात्र भाजल्याचा वास, हाताशी असलेली डबी यांनी ओढ पुन्हा जागी होते. त्यामुळे घरात मिश्री भाजणं आधी बंद करा.

महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटखाबंदी आली, पण घरच्या मिश्रीच्या डबीवर साधं धोक्याचं चित्रही नसतं. तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र तिच्यातही आहे. गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. म्हणून प्रत्येक तपासणीत, विशेषतः गरोदर बाईला, मिश्रीबद्दल नाव घेऊन विचारलंच पाहिजे.

घरच्यांनो, आईला किंवा सासूबाईंना टोमणे मारू नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन या. निकोटिनच्या च्युइंगगमसारखे उपचार आहेत. 1800-11-2356 या मोफत क्रमांकावरही सल्ला मिळतो.