मातृभाषेचा पगार

गेल्या महिन्यात होस्टेलच्या गच्चीवर जेवणानंतर एक वाद झाला, त्यातून हा लेख निघाला. आमच्यातला एकजण मोबाईलवर जपानमध्ये नोकरी करणाऱ्या एका अमेरिकन पोराचा व्हिडिओ बघत होता. पोरगं आमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठं असेल. छोटी खोली, सायकलवरून शाळेत जाणं, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून भाताचा गोळा घेऊन खाणं, एवढंच त्यात होतं. मित्र म्हणाला, "ह्याला येतंय काय? इंग्लिश. ते तर आईनंच शिकवलं. मातृभाषा बोलायचा पगार खातोय बघ. आपल्याला मराठी बोलायचा पगार कोण देणार?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. त्यात खरं किती आणि आपली समजूत किती, हे बघायचं ठरवलं.

खरं आहे ते आधी सांगतो. जपान सरकारनं १९८७ साली 'जेट' नावाची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ तरुण आले. आज त्यात अमेरिकेचे तरुण सगळ्यात जास्त असतात. बहुतेकांचं काम सहायक भाषा-शिक्षकाचं असतं, म्हणजे जपानी शिक्षकाबरोबर वर्गात उभं राहून इंग्रजी बोलायचं. पदवी कोणत्याही विषयाची चालते. जपानी यायलाच पाहिजे अशी अट ह्या कामाला नाही. करार एका वर्षाचा, वाढवत वाढवत जास्तीत जास्त पाच वर्षांचा. मित्र म्हणाला ते चूक नव्हतं.

आता त्या पोराचा रोजचा दिवस बघा. शाळेच्या दारात बाहेरचे बूट काढायचे, आतले वेगळे घालायचे. दुपारचं जेवण वर्गात पोरांबरोबरच. वाढायचं कामही पोरंच करतात. शाळेची झाडलोट पोरं करतात, तेव्हा ह्यानंही फडकं हातात घ्यायचं. सुट्टीत कुठं फिरून आलं की शिक्षकांच्या खोलीतल्या सगळ्यांसाठी खाऊचा डबा आणायचा. कचरा कोणत्या दिवशी कोणता टाकायचा ते ठरलेलं; चुकलं तर पिशवी तिथंच पडून राहते. इथपर्यंत सगळं बघून बघून शिकता येतं. पण घर भाड्यानं घ्यायचं, बँकेत खातं उघडायचं, वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा म्हटलं की पुढ्यात जपानी लिपीतला फॉर्म येतो. तिथं ह्याची पदवी उपयोगाची नाही. शाळेतला एखादा सहकारी सोबत येतो, फॉर्म भरून देतो आणि हा सांगेल तिथं सही करतो. पंचवीस वर्षांचा पदवीधर गडी आणि स्वतःचा पत्ता लिहायला दुसरा माणूस!

दुकानात त्यानं दोन शब्द जपानीत बोलले की समोरचा हमखास म्हणतो, "निहोंगो जोझु देसु ने." म्हणजे, तुमचं जपानी छान आहे हं. पहिल्या महिन्यात बरं वाटतं. पण तिसऱ्या वर्षीही तेवढ्याच दोन शब्दांवर तेच कौतुक ऐकू आलं की माणसाला कळतं, आपण अजून पाहुणेच आहोत. आपल्या घरी कोणी "काय छान मराठी बोलतोस रे" असं म्हणतं का? मातृभाषेच्या पगारात ही कपात आधीच झालेली असते. ती पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही, एवढंच.

ज्यांनी ही कपात नाकारली असे अमेरिकनही होऊन गेले. त्यातला एक तर आपल्याच भाषेत येऊन बसला होता. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला तेव्हा २८ वर्षांचा होता. अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या लोकांपैकी तो एक. त्यानं मराठी शिकून घेतली, मराठीत बोलू-लिहू लागला, आणि १८२६ साली नाशिकच्या बाजूला फिरत असताना पटकीनं वारला. दुसरा डॉक्टर जेम्स हेपबर्न. तो तरुण नव्हता, चाळिशी ओलांडून १८५९ साली जपानला गेला. दवाखाना चालवत चालवत त्यानं जपानी-इंग्रजी कोश तयार केला, तो १८६७ साली निघाला. जपानी शब्द रोमन अक्षरांत लिहिण्याची जी पद्धत आज तिथल्या स्टेशनांच्या पाट्यांवर दिसते, तिला त्याचंच नाव आहे. दोघंही धर्मप्रसारासाठी गेले होते आणि त्यांच्या कामाबद्दल ज्याचं त्याचं मत असू शकतं. पण परमुलखात काम करायचं तर आधी तिथल्या माणसाच्या बोलण्यापुढं विद्यार्थी होऊन बसायचं, ही त्यांची गोष्ट मला पटते. आपल्या चॅपलमध्ये दरवर्षी पेंटेकॉस्टचा उतारा वाचतात. त्यात सगळे लोक एक भाषा बोलू लागले असं कुठं आहे? जो तो आपापल्या भाषेत ऐकू लागला, हा चमत्कार होता.

आता आपल्याकडं या. माझा एक मावसभाऊ सध्या पुण्यात जपानी शिकतोय. त्याला वृद्धांची देखभाल करायच्या कामावर जायचंय. जपाननं २०१९ साली 'विशिष्ट कुशल कामगार' असा नवा व्हिसा काढला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याचा करार झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी ठरवलं की पाच वर्षांत भारतातून ५० हजार कुशल माणसं जपानला जावीत. म्हणजे वाट उघडी आहे. पण ह्या वाटेवर भाषेची अट आहे. कामाची परीक्षा वेगळी आणि जपानीची वेगळी. देखभालीच्या कामाला तर आजारपणातल्या, अंघोळ-जेवणातल्या शब्दांची आणखी एक परीक्षा. आणि पहिल्या टप्प्यात पाच वर्षांपर्यंत बायको-पोरांना सोबत नेता येत नाही.

अमेरिकन पोराला भाषा न येता नोकरी आणि आपल्या पोराला भाषेची परीक्षा दिल्यावर नोकरी. ह्यात अन्याय आहे का? आहे. इंग्रजीचा बाजारभाव जास्त आहे आणि तो आपण ठरवलेला नाही. पण भाऊ जे शिकून जाईल ते त्याच्याजवळच राहील. म्हातारीला कुठं दुखतंय हे तो तिच्या भाषेत विचारू शकेल. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ साली तोक्योतल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. लोकांपुढं उभं राहून जपानीत मतं मागता आली, म्हणून हे झालं. पाहुण्याला मत कोण देतंय?

भावानं मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी उडालोच. तो म्हणाला, "अरे, वाक्य आपल्यासारखंच आहे." मग त्यानं लिहून दाखवलं. मराठीत: मी जपानला जातो. कन्नडात: नानु जपानिगे होगुत्तेने. आपल्या बाजारातल्या दखनीत: मैं जपान कू जातौं. जपानीत: वाताशी वा निहोन नी इकिमासु. चारही ठिकाणी आधी मी, मग जपान, त्याच्या मागं 'ला', आणि क्रियापद शेवटी. वाक्याच्या शेवटी आपण 'ना?' म्हणतो, तिथं ते 'ने' म्हणतात. मोठ्या माणसाशी बोलताना क्रियापद बदलायचं, ही सवयही आपल्याला लहानपणापासूनची. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना जपानी शिकवायला ८८ आठवडे धरतं, कारण इंग्रजीवाल्याला ती फार अवघड भाषांमध्ये मोडते. लिपी आपल्यालाही तेवढीच अवघड आहे, दोन हजारांवर चित्राक्षरं पाठ करायचीत. पण वाक्य कसं उभं करायचं, हे भालकी-औरादच्या पोराला आईच्या मांडीवरच आलेलं असतं.

आणि इथं मला माझीच लाज वाटली, तेवढी लिहून संपवतो.

माझी शाळा मराठी माध्यमाची. कन्नड विषय होता, पण पास होण्यापुरता. दोन वर्षांपूर्वी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी नाडकचेरीत गेलो. फॉर्म कन्नडमध्ये. अक्षरं ओळखू येत होती, अर्थ लागत नव्हता. शेवटी सोबतच्या कन्नड मित्रानं भरून दिला आणि मी तो सांगेल तिथं सही केली. जपानच्या वॉर्ड ऑफिसातल्या त्या अमेरिकन पोरात आणि माझ्यात फरक काय? उलट तो सातासमुद्रापलीकडून आलेला होता. मी ज्या जिल्ह्यात जन्मलो, तिथंच पाहुणा होतो.

१९५६ साली हैदराबाद राज्य फुटलं आणि बीदर, गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. त्याबद्दल आपल्या घरांत अजून बोललं जातं, बोलायला हरकतही नाही. पण त्या रागापायी कन्नड न शिकणं म्हणजे आपलंच ताट लाथाडणं. राज्य सरकारच्या नोकरीला कन्नड लागतं, कोर्टात लागतं, शेताचा उतारा वाचायला लागतं. काहीजण म्हणतील, मराठी मंडळाच्या अंकात कन्नडची वकिली कशाला? त्यानं मराठी मागं पडेल. मला उलट वाटतं. मराठी मागं पडते ती आपण तिच्यात वाचत-लिहीत नाही म्हणून. माझ्या कन्नड मित्राला वचनं पाठ आहेत. मला किती अभंग पाठ आहेत, हे मी इथं सांगत नाही.

म्हणून मंडळापुढं एक साधी सूचना ठेवतो. आठवड्यातून एक तास, शनिवारी वर्ग सुटल्यावर. मराठी घरच्यांनी कन्नड लिहायला शिकायचं, कन्नड घरच्यांना आपण मराठी वाचायला शिकवायचं. फी नाही, परीक्षा नाही, खडू-फळा कॉलेजचाच. हे वर्षभर चाललं तर पुढं जपानीच्या पहिल्या पायरीचा वर्ग मागायला प्राचार्यांकडं जाऊ. तेव्हा आपल्याला तोंड असेल.

गच्चीवरच्या मित्राला ही सूचना सांगितली. तो म्हणाला, "पगार?" मी म्हणालो, "पुढच्या वेळी नाडकचेरीत तुझा फॉर्म तूच भर, तोच पहिला पगार." तो काही बोलला नाही. पण शनिवारी किती वाजता, हे त्यानं विचारलंय.